सायकल घाट चढत नाही : अक्कलकुव्यातून एक पेपर वाचताना

गेल्या महिन्यात तिघी ज्युनियर्सनी आपापले सिनॉप्सिस वाचायला पाठवले. तिन्ही विषय मुलींच्या शिक्षणाचे, त्यातले दोन थेट नंदुरबार जिल्ह्यावरचे. एक वाक्य तिन्हींत जवळपास सारखंच होतं : शाळेचं अंतर हा मुलींच्या शिक्षणातला प्रमुख अडथळा आहे आणि सायकल दिल्यास पटनोंदणी वाढते, हे संशोधनानं सिद्ध झालं आहे. पुढे कंसात मुरलीधरन आणि प्रकाश, २०१७. एकीनं तर शेवटी शिफारसही करून टाकली होती, अक्कलकुवा तालुक्यातल्या आठवीच्या पुढच्या सगळ्या मुलींना सायकली द्याव्यात म्हणून.

त्यांना रागावायचा मला हक्क नाही. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं, आरआरसीसमोर ते मी छातीठोकपणे वाचून दाखवलं आणि समितीतल्या कुणीही त्यावर काही विचारलं नाही. विचारलं ते सहा महिन्यांनी, मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावर, एका आशाताईनं. ते पुढे येईलच. आधी पेपर बघू, कारण त्यातलं काय चांगलं आहे हे नीट कळल्याशिवाय तो इथे का लागू पडत नाही हे कळणार नाही.

बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत तिथल्या रस्त्यांवर गणवेशातल्या सायकलवाल्या मुलींचे थवे दिसू लागले. आता प्रश्न असा, की मुली वाढल्या त्या सायकलमुळे, की त्याच काळात रस्ते सुधारले, कायदा-सुव्यवस्था सुधारली, लोकांच्या हातात पैसा आला म्हणून? कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी यासाठी जे केलं ते तुम्ही वहीत काढून बघा, डोक्यात पक्कं बसेल. बिहारमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलींची १६-१७ वर्षांच्या मुलींशी तुलना केली, कारण थोरल्यांना योजना मिळाली नव्हती. हा पहिला फरक. मुलांमध्येही या दोन वयोगटांत काही फरक असणारच, तो वजा केला. हा दुसरा. आणि हेच सगळं गणित शेजारच्या झारखंडमध्ये करून तेही वजा केलं, कारण झारखंड २००० पर्यंत बिहारचाच भाग होता आणि तिथे ही योजना नव्हती. हा तिसरा. म्हणजे फरकातल्या फरकातला फरक. उत्तर आलं की मुलींची माध्यमिक पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की त्यांनी शाळेचे पट घेतले नाहीत. सायकल हवी असेल तर नाव घालायला मुलीही येतील आणि नाव घालून घ्यायला शाळाही तयार होतील. म्हणून त्यांनी २००७-०८च्या जिल्हास्तरीय कुटुंब सर्वेक्षणाची आकडेवारी वापरली, म्हणजे घरी जाऊन विचारलेली माहिती. आपल्याकडे दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया उपस्थिती भत्ता आहे. त्या रुपयानं मुली किती वाढल्या हे त्याच हजेरीपटावरून मोजायला निघालेला एक प्रबंध मी वाचला आहे. ज्या कागदावर पैसे मिळतात तोच कागद साक्षीदार म्हणून घेतला की काय होणार!

आणि मग पेपरचा गाभा : परिणाम दिसला तो माध्यमिक शाळा ३ किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांमध्ये. शाळा जवळ असलेल्या गावांत जवळजवळ नाहीच. म्हणजे मुली आल्या त्या नुसत्या पैशांच्या लोभानं नाहीत, अंतर खरोखर कमी झालं म्हणून. इथपर्यंत पेपर भक्कम आहे आणि माझं त्याच्याशी काही भांडण नाही. भांडण आहे ते या पेपरला जळगाव-नंदुरबारच्या एसटीत बसवून अक्कलकुव्याला उतरवणाऱ्या आपल्यासारख्यांशी.

अक्कलकुवा कधी पाहिलं नसेल तर थोडं सांगते. गाव पायथ्याशी आहे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. या रस्त्याच्या आजूबाजूची पट्टी सपाट. तिथे शेती आहे, बाजार आहे, मोटारसायकली आहेत, आणि मुली सायकलीवर शाळेत जातातही. पण उत्तरेकडे मोलगीला निघालात की देवगोईचा घाट लागतो आणि तिथून तालुका वेगळाच होतो. सातपुड्याच्या सोंडा, मध्ये खोल नाले, आणि शेवटी नर्मदा. दोन्ही भाग मिळून एकच तालुका. जनगणनेत एकच, यूडायसमध्ये एकच, तुमच्या रिग्रेशनमध्येही एकच. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्याची ८२. तालुक्याची सरासरी काढलीत की सपाटीवरची मुलगी आणि डोंगरावरची मुलगी यांची बेरीज करून दोनने भागल्यासारखं होतं आणि हाती येणारी मुलगी तालुक्यात कुठेच राहत नाही.

आता आशाताई. मी पायलटसाठी गेले होते. माझ्याकडे पाड्यांची यादी होती, शाळांचं जीपीएस होतं आणि दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर मी आधीच काढून ठेवलं होतं. माझ्या हिशोबानं तो पाडा "जवळचा" होता, दोन किलोमीटरच्या आत. तरीही तिथली एकही मुलगी त्या शाळेत जात नव्हती. मला वाटलं, चला, सापडलं! अंतर नाही, मग नक्की सामाजिक कारण असणार. लहान वयातली लग्नं, घरकाम, धाकट्या भावंडांना सांभाळणं, माझी प्रश्नांची दुसरी यादी तयारच होती. ताईंना मोबाइलवरचा नकाशा दाखवला. त्यांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या मोबाइलला नाला नाही दिसत का?"

नाला होता. पाड्याच्या खाली उतरण, नाला, आणि समोर शाळेपर्यंत चढण. उन्हाळ्यात धडधाकट माणसाला पाऊण तास. पावसाळ्यात नाला भरला की वरून वळसा घालायचा, म्हणजे सकाळ गेलीच. आणि त्या वळशात पुढे बराच वेळ एकही घर लागत नाही. ताई पुढे म्हणाल्या, "पोरगं एकटं पाठवतात. पोरगीला कोण सोबत जाणार? सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ना."

माझं "सामाजिक कारण" तिथेच गळून पडलं. किंवा असं म्हणू, की अंतर आणि सामाजिक कारण हे दोन वेगळे कॉलम मी केले होते, ते तिथे एकच निघाले. मुलीचं अंतर म्हणजे तिचं चालणं अधिक तिला सोडायला जाणाऱ्याचं चालणं, जाऊन-येऊन. मुलाचं अंतर फक्त त्याचं चालणं. तीच वाट, तीच शाळा, पण व्हेरिएबलची किंमत दोघांसाठी सारखी नाही.

हे डोक्यात ठेवून बिहारचा पेपर पुन्हा वाचा. त्यात अंतर म्हणजे गावापासून सर्वांत जवळच्या माध्यमिक शाळेपर्यंतचं अंतर, सर्वेक्षणाच्या गाव-पत्रिकेतून घेतलेलं. गंगेच्या मैदानात हे चालतं. घरं एकमेकांना लागून, शिवारं सपाट, गाव म्हटलं की एक ठिपका काढता येतो. सातपुड्यात महसुली गाव म्हणजे एक ठिपका नव्हे. पाच-सात पाडे वेगवेगळ्या सोंडांवर पसरलेले असतात, शाळा त्यातल्या एका पाड्यावर असते, आणि कागदावर अख्ख्या गावासाठी अंतर शून्य. तुमच्या डेटात ती मुलगी "गावात शाळा असूनही न जाणारी" म्हणून नोंदली जाते. मग निष्कर्षात आपण पालकांच्या उदासीनतेवर परिच्छेद लिहितो. उदासीनता! रोज मजुरी बुडवून पोरीला सोडायला न जाण्याला आपण हे नाव देतो.

दुसरी गोष्ट, पेपर नववीच्या दारात उभा आहे. नववीच्या दारापर्यंत पोचलेल्या मुलीला सायकलनं आत नेलं, एवढंच तो सांगतो. डोंगरातल्या पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथी-पाचवीपर्यंत असते. त्यापुढे आश्रमशाळा, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय नाहीतर नातेवाइकाचं घर. इथली गाळणी नववीच्या फार आधी लागते. नववीत मुलींची संख्या कमी दिसली म्हणून नववीतच उपाय सुचवणं म्हणजे बादलीच्या तळाचं भोक सोडून काठ लिंपणं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला उशिरा लक्षात आली. आपल्या राज्यात सायकलींची योजना आहेच. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, पण शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. त्यापलीकडच्यांसाठी निळ्या बस आहेत, आणि एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास आहे. बिहारमध्ये अंतराची अट नव्हती आणि परिणाम लांबच्या गावांत दिसला. आपण जवळच्यांना सायकल देतो आणि लांबच्यांना बस. म्हणजे दोन्ही ठिकाणी "सायकल योजना" असं नाव असलं तरी मुलीच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या योजना आहेत. आणि पास मोफत असला तरी बस जिथे वळते तिथून पुढचा रस्ता पासात येत नाही. तिघींपैकी एकीच्याही सिनॉप्सिसमध्ये मानव विकासच्या अटींचा उल्लेख नव्हता. परदेशी जर्नलमधला पेपर आपण ओळ न ओळ वाचतो आणि आपल्याच राज्याचा शासन निर्णय उघडत नाही. हे मी स्वतःलाही म्हणते आहे.

तुम्ही म्हणाल, प्रबंधातल्या एका वाक्यानं काय एवढं बिघडतं? बिघडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयातून एक पत्र निघालं. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागवले होते. अशा शाळा राज्यात १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७. आणि नमुना म्हणून दोन नावं : पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि आपल्याच जिल्ह्यातलं, अक्राणी तालुक्यातलं तोरणमाळ. बरीच टीका झाली, अजूनही वाद चालू आहे. त्याआधी २०१७ मध्येही दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. समूह शाळेच्या बाजूनं मुद्दे नाहीत असं नाही. एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो, खेळायला सोबती नाहीत, प्रयोगशाळा नाही, हे सगळं खरं आहे आणि ज्यांनी एकशिक्षकी शाळेत महिनाभर बसून पाहिलं आहे त्यांना ते नाकारता येणार नाही. पण या सगळ्या युक्तिवादाचा पाया एकाच गृहीतकावर आहे : अंतर हा वाहनानं सुटणारा प्रश्न आहे. शाळा लांब गेली तरी हरकत नाही, बस देऊ, सायकल देऊ, वसतिगृह देऊ. "सायकलीनं पटनोंदणी वाढते हे सिद्ध झालं आहे" हे आपलं कंसातलं वाक्य नेमकं तिथे कामाला येतं. पेपरनं काय सांगितलं होतं? शाळा आहे तिथेच असताना मुलीला वाहन दिलं तर ती येते. शाळा लांब नेऊन वाहन दिलं तर काय होतं, हे त्यानं तपासलेलंच नाही. दोन्ही वाक्यांत अंतर आहे, वाहन आहे, मुलगी आहे; पण दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही.

शाळा जवळ आणली तर काय होतं, याचा अभ्यास मात्र आहे, आणि तोही डोंगराळ मुलखातला. डाना बर्ड आणि लेह लिंडन यांनी अफगाणिस्तानच्या घोर प्रांतात ३१ गावं घेतली. काही गावांना चिठ्ठ्या टाकून गावातच छोटी शाळा दिली, बाकीच्या गावांतली मुलं लांबच्या सरकारी शाळेत जात राहिली. शाळा गावात आली तिथे मुलींची पटनोंदणी ५२ टक्के-बिंदूंनी वाढली आणि मुलगा-मुलगी दरी जवळपास मिटली. दर मैलामागे मुलांची नोंदणी १३ टक्के-बिंदूंनी घटत होती, मुलींची १९. आशाताईंनी मला एका वाक्यात सांगितलं ते हेच. (टक्के आणि टक्के-बिंदू यांत गल्लत करू नका. ५० वरून ६० झाले तर वाढ १० टक्के-बिंदू, पण २० टक्के. व्हायव्हात हमखास विचारतात.)

हाही पेपर आहे तसा उचलून अक्कलकुव्यात ठेवता येणार नाही. घोरमध्ये आधी मुलींना शाळाच जवळजवळ नव्हती. इथे वाडीवस्तीवर शाळा आहेत, प्रश्न त्या टिकण्याचा आणि त्यांच्यापुढच्या वर्गांचा आहे. पण २० पटाच्या शाळेबद्दल लिहिणाऱ्यानं बिहार वाचावा आणि घोर वाचू नये, ही निवड निष्पाप राहत नाही. नर्मदाकाठी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला नर्मदा बचाओ आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या, त्या मुलांच्या बोलीतून शिकवत आणि गावातच. आंदोलनाबद्दल तुमचं मत काहीही असो, अंतराच्या प्रश्नाला दिलेलं ते एक उत्तर होतं आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मला तरी साहित्याच्या आढाव्यात ते फारसं सापडत नाही.

त्याच काठावर अंतर स्थिरही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. जे नाले पूर्वी उतरून ओलांडता येत होते त्यांत धरणाचं पाणी आलं. पलीकडच्या पाड्यावर जायला बोट, नाहीतर मोठा वळसा. २०११च्या नकाशावरून काढलेलं अंतर तिथे २०१९ नंतर चालत नाही. आणि दिवाळीनंतर? ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातेत जातात. यान ब्रेमन यांनी बारडोलीकडच्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लिहून ठेवलं आहे, म्हणजे हे काही आजचं नाही. ते चार-पाच महिने त्या घरातल्या मुलीपासून तिची शाळा दुसऱ्या राज्यात असते. राज्यानं शाळाबाह्य मुलांचं मोठं एकदिवसीय सर्वेक्षण केलं ते ४ जुलै २०१५ ला. जुलैत पेरण्या असतात, सगळे घरी असतात. त्या दिवशी दारात उभी असलेली मुलगी जानेवारीत कुठे असते, हे त्या सर्वेक्षणाला विचारून उपयोग नाही.

निवासी शाळेनं अंतर संपतं, असं आपण धरून चालतो. रोजचं चालणं संपतं हे खरं. मी आश्रमशाळेतल्या मुलींच्या आयांशी बोलले तेव्हा त्या किलोमीटर सांगतच नव्हत्या. "ताप आला तर मला कधी कळणार आणि मी कधी पोचणार", हे त्यांचं अंतर. २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समितीनं आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर अहवाल दिला. तो वाचल्यावर या प्रश्नाला भित्रेपणा म्हणायची हिंमत होणार नाही. होळीला पोरी घरी येतात, काठीची होळी तर सगळ्या सातपुड्याची, आणि त्यानंतर काही परत जात नाहीत. शाळेच्या भाषेत ती "गळती". आईच्या भाषेत बऱ्याचदा तो निर्णय असतो आणि त्याला कारण असतं. तुमच्या प्रश्नावलीत "मुलगी आजारी पडल्यास निरोप मिळायला किती वेळ लागतो?" असा प्रश्न आहे का? माझ्या पहिल्या प्रश्नावलीत नव्हता.

मग मी काय बदललं, ते सांगते. सरळ रेषेतलं अंतर काढून टाकलं नाही, ठेवलं, कारण इतर अभ्यासांशी तुलना करायला ते लागतं. पण त्याच्या शेजारी मिनिटं घातली, आणि ती मीच चालून मोजली, शक्य तिथे शाळेत जाणाऱ्या मुलीबरोबर. उन्हाळ्याची वेगळी, पावसाची वेगळी. वाटेत शेवटचं घर कुठे लागतं ते नोंदवलं. सोबत कोण जातं, आणि त्या माणसाचं त्या वेळचं काम काय, हे विचारलं. पत्ता पाड्याचा घेतला, गावाचा नाही. नमुना लहान झाला. गाइड म्हणाले, एवढ्या पाड्यांवर रिग्रेशन काय चालवणार? त्यांचं बरोबर आहे, आमचं अजून यावर भांडण चालू आहे आणि कदाचित मला एक मॉडेल सोडून द्यावं लागेल.

त्या ज्युनियरला मी शिफारस खोडायला सांगितली नाही. फक्त "अक्कलकुवा तालुक्यातल्या सगळ्या मुलींना" याऐवजी कोणत्या गावांतल्या, ते लिहायला सांगितलं. ती नकाशा घेऊन बसली. परवा तिचा मेसेज आला, रस्त्यालगतच्या पट्टीतली यादी झाली, घाटाच्या वरच्या गावांसमोर काय लिहू? मी म्हटलं, तिथे जाऊन ये, मग लिही. जूनमध्ये जाते म्हणाली. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये जा, नाले भरलेले असताना.